लहान शिडाच्या नौकांची रात्रीची दृश्यमानता व जहाजांशी संपर्क

लहान शिडाच्या नौकांची रात्रीची दृश्यमानता हा सागरी सुरक्षेतील विषय असून, अंधारात मोठ्या जहाजांच्या नजरेस पडणे, आपली दिशा व स्वरूप त्यांना कळविणे आणि गरज पडल्यास त्यांच्याशी थेट बोलणे या तिन्ही गोष्टींचा त्यात समावेश होतो. त्यासाठी नौकादीप, रडार परावर्तक, स्वयंचलित ओळख प्रणाली (एआयएस), व्हीएचएफ रेडिओ आणि प्रकाश-ध्वनीचे संकेत वापरले जातात. मराठीत होडी, मचवा, पडाव, गलबत असे अनेक शब्द आहेत व त्यांचे अर्थ किनाऱ्यागणिक थोडे बदलतात. या लेखात सुमारे २० मीटरपर्यंत लांबीच्या शिडाच्या होडीला ‘नौका’ आणि मोठ्या व्यापारी वा प्रवासी जलयानाला ‘जहाज’ म्हटले आहे.

नियमानुसार दिवा लावला म्हणजे आपण दिसलो, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात दिवा लावणे आणि जहाजावरील पहारेकऱ्याला तो वेळेत दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या विषयातील बहुतेक साधने व सवयी या दोहोंमधील अंतर कमी करण्यासाठीच निर्माण झाल्या आहेत.

अंतर आणि वेळ

२० नॉट वेगाने जाणारे जहाज एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर, तीन मिनिटांत कापते. १२ मीटरपेक्षा कमी लांबीच्या नौकेचे लाल व हिरवे बाजूदीप किमान एक सागरी मैलावरून दिसले पाहिजेत, एवढीच आंतरराष्ट्रीय नियमांची अपेक्षा आहे. अशा नौकेचा दिवा किमान अटीइतकाच प्रखर असेल, तर जहाजाला तो दिसल्यापासून धडक होईपर्यंत उणीपुरी तीन मिनिटे उरतात. तेवढ्या वेळात पहारेकऱ्याने दिवा ओळखायचा, अधिकाऱ्याने निर्णय घ्यायचा आणि जहाजाने वळायचे असते. थांबणे तर त्याहून कठीण आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या इ.स. २००२ च्या मानकांनुसार पूर्ण वेगातील जहाज यंत्र उलटे फिरवून साधारणपणे स्वतःच्या लांबीच्या १५ पटींच्या आत थांबले पाहिजे. ३०० मीटर लांबीच्या जहाजासाठी हे अंतर साडेचार किलोमीटर भरते.

जहाजाच्या सुकाणूकक्षातून समोरचे सगळे पाणीही दिसत नाही. नाळेपुढे जहाजाच्या लांबीच्या दुप्पट किंवा ५०० मीटर, यांपैकी जे कमी असेल तेवढ्या पट्ट्यातील समुद्र दृष्टीआड असणे नियमांना मान्य आहे. अगदी जवळ आलेली नौका तेथून दिसतच नाही, मग तिच्यावर कितीही दिवे असोत.

दुसरी बाजू नौकेची. पाच नॉट वेगाने जाणाऱ्या नौकेला जहाजाच्या मार्गातून काटकोनात एक सागरी मैल दूर सरकण्यास बारा मिनिटे लागतात. २० नॉट वेगाचे जहाज तेवढ्या वेळात चार मैल पुढे येते. म्हणून सुरक्षित अंतर राखायचे असेल, तर निर्णय चार मैलांच्या आधी व्हावा लागतो. या अंतरावर जहाजाला नौका बहुधा दिसत नसते. नौकेला मात्र जहाजाचे दिवे स्पष्ट दिसत असतात. अनुभवी नाविक आपण दिसलेलो नाही असे धरून चालतात, त्याचे कारण हे गणित आहे.

नौकादीपांचे नियम

बाजूदीपांची पद्धत वाफेच्या जहाजांबरोबर आली. ब्रिटनमध्ये इ.स. १८४८ मध्ये वाफेच्या जहाजांना डाव्या बाजूस लाल, उजव्या बाजूस हिरवा आणि डोलकाठीवर पांढरा दिवा बंधनकारक झाला. शिडाच्या जहाजांसाठी रंगीत बाजूदीप इ.स. १८५८ मध्ये आले. आज जगभर ‘समुद्रातील टक्कर टाळण्यासंबंधीचे आंतरराष्ट्रीय नियम, १९७२’ लागू असून ते १५ जुलै १९७७ पासून अमलात आहेत. दिवे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत, तसेच धुके वा जोरदार पावसामुळे दृश्यमानता कमी झाली असता दिवसाही लावायचे असतात.

प्रत्येक बाजूदीप थेट समोरून सुरू होऊन काटकोनाच्या थोडे मागेपर्यंत, ११२.५ अंशांत दिसतो. मागचा पांढरा दिवा उरलेल्या १३५ अंशांत दिसतो. तिन्ही मिळून ३६० अंश पुरे होतात. यामुळे रंगावरूनच समोरच्याला आपली बाजू कळते. शिडावर चाललेल्या नौकेला पुढे दिसणारा पांढरा दिवा लावण्यास मनाई आहे. वर पांढरा दिवा नसलेला एकटा लाल किंवा हिरवा दिवा दिसला, तर ती बहुधा शिडाची नौका, असे जहाजावरील अधिकारी यावरून ओळखतो. त्याच नौकेने यंत्र सुरू केले की शिडे उभारलेली असली तरी ती यंत्रचालित ठरते व तिने पुढचा पांढरा दिवा लावावा लागतो.

२० मीटरपेक्षा कमी लांबीच्या शिडाच्या नौकेला तिन्ही दिवे एकाच कंदिलात, डोलकाठीच्या टोकाशी लावण्याची सवलत आहे. हा त्रिरंगी दिवा लाटांच्या वर राहतो, शिडाआड जात नाही व एकाच विजेवर तिन्ही काम करतो. खुल्या समुद्रात तो उत्तम. बंदराजवळ मात्र त्याची उंचीच अडचण ठरते, कारण तेथे सर्वांचे डोळे पाण्याच्या पातळीकडे असतात व उंचावरच्या दिव्यावरून नौकेचे अंतर नेमके उमगत नाही. म्हणून अनेक नौकांवर उंचीवरचा व कठड्यावरचा असे दोन्ही संच असतात. ते एकाच वेळी लावणे चूक आहे. यंत्र चालू असताना तर त्रिरंगी दिवा बंदच ठेवावा लागतो.

सात मीटरपेक्षा लहान शिडाच्या नौकेने शक्य असल्यास हेच दिवे लावावेत. शक्य नसल्यास पांढऱ्या प्रकाशाची विजेरी किंवा पेटता कंदील हाताशी ठेवून टक्कर टाळता येईल इतक्या आधी दाखवावा, असा नियम आहे. वल्ह्यांच्या होडीलाही हीच मुभा आहे.

दिव्यांच्या मर्यादा

कठड्यावरचे दिवे पाण्यापासून जेमतेम मीटरभर उंचीवर असतात. उसळत्या समुद्रात ते लाटांआड लपतात व मधूनमधून लुकलुकल्यासारखे दिसतात. वाऱ्याने नौका एका अंगावर कलली की एका बाजूच्या दिव्याचा झोत पाण्यात व दुसऱ्याचा आकाशात जातो. रंगीत काच प्रकाशाचा मोठा भाग शोषून घेते, त्यामुळे तेवढ्याच शक्तीचा लाल-हिरवा दिवा पांढऱ्याहून मंद असतो. किनाऱ्यालगत शहराच्या दिव्यांची आरास मागे असल्यास तो त्यात विरून जातो. मुंबईसारख्या बंदराकडे समुद्रातून पाहिले, तर एवढ्या झगमगाटात एका होडीचा लाल ठिपका शोधणे किती अवघड असेल याची कल्पना येईल.

विजेचाही प्रश्न होता. जुन्या पद्धतीचा २५ वॅटचा दिवा १२ व्होल्टच्या बॅटरीतून दोन अँपिअर वीज घेई. दहा तासांच्या रात्रीत वीस अँपिअर-तास खर्च होत. वीज वाचविण्यासाठी भर समुद्रात दिवे मालवून जाण्याची घातक सवय पूर्वी काही नाविकांत होती. एलईडी दिव्यांना जेमतेम दोन-तीन वॅट पुरतात, त्यामुळे ही सबब आता उरलेली नाही.

जहाजाचे दिवे वाचणे

५० मीटर व त्याहून लांब यंत्रचालित जहाजावर दोन पांढरे दिवे असतात. पुढचा खाली, मागचा वर. त्यांच्यातील आडवे अंतर जितके जास्त दिसेल तितके जहाज आडवे जात आहे. हे दोन दिवे एकाखाली एक आले आणि लाल व हिरवा दोन्ही एकदम दिसू लागले, तर जहाज थेट आपल्यावर येत आहे.

तथापि धोक्याची खरी खूण दिव्यांत नसून दिशेत आहे. जवळ येणाऱ्या जहाजाची होकायंत्रावरील दिशा दर काही मिनिटांनी मोजावी. ती ठळकपणे बदलत असेल, तर जहाज पुढून किंवा मागून निघून जाईल. दिशा तीच राहिली व दिवे मोठे होत गेले, तर टक्कर ठरलेली आहे. नियमांतही हीच कसोटी सांगितली असून, शंका असल्यास धोका आहे असेच मानावे, असे त्यांत म्हटले आहे. अगदी मोठ्या किंवा फार जवळच्या जहाजाबाबत दिशा थोडी बदलत असूनही धोका राहू शकतो.

परस्परांना दिसत असताना यंत्रचालित जहाजाने शिडाच्या नौकेला वाट द्यावी, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. त्याचे अपवाद तितकेसे ठाऊक नसतात. ताब्यात नसलेले, हालचालीची क्षमता मर्यादित असलेले किंवा मासेमारीत गुंतलेले जलयान असेल, तर शिडाच्या नौकेनेच बाजूला व्हायचे असते. खोलीमुळे जखडलेल्या जहाजाला शक्यतो अडथळा करायचा नसतो. ओलांडून पुढे जाणाऱ्या नौकेने, ती शिडाची असली तरी, पुढच्याला वाट द्यायची असते. अरुंद जलमार्गात व वाहतूक-विभाजन पट्ट्यात मोठ्या जहाजाचा मार्ग अडविण्यास नौकेला मनाई आहे. धुक्यात, जेथे दोघे एकमेकांना पाहू शकत नाहीत तेथे, शिडाचा हा अग्रक्रम लागूच होत नाही. ज्याला वाट मिळायची आहे त्याने आपली दिशा व वेग कायम ठेवायचा असतो. पण समोरचा हलत नाही असे दिसताच त्याला स्वतः वळण्याची मोकळीक आहे, आणि केवळ समोरच्याच्या कृतीने टक्कर टळणार नाही इतके अंतर कमी झाल्यावर वळणे हे त्याचे कर्तव्यच ठरते. वळायचे तर ठळकपणे वळावे. दहा अंशांचा बदल रात्री कोणाच्याच ध्यानात येत नाही.

रडार व परावर्तक

जहाजावर साधारणतः दोन प्रकारची रडारे असतात, सुमारे ३ सेंटिमीटर व सुमारे १० सेंटिमीटर तरंगलांबीची. फायबरग्लास व लाकूड रडारच्या लहरी फारशा परत पाठवीत नाहीत. धातूची डोलकाठी गोल असल्याने लहरी विखुरते. समुद्र खवळलेला असेल, तर लाटांवरून येणारे प्रतिध्वनी पडद्यावर गर्दी करतात. ते पुसण्यासाठी अधिकारी समायोजन वाढवितो, आणि लाटांबरोबर लहान नौकेचा क्षीण ठिपकाही पुसला जातो.

यावर उपाय म्हणून परावर्तक टांगतात. त्याचे तत्त्व सोपे आहे. परस्परांशी काटकोन करणारे तीन धातूचे पृष्ठभाग एका कोपऱ्यात मिळाले, की त्या कोपऱ्यात शिरलेली लहर तिन्हींवर आपटून आली त्याच दिशेने परत जाते. खोलीच्या कोपऱ्यात फेकलेला चेंडू भिंतींवर आपटून फेकणाऱ्याकडेच येतो, तसे हे. असे आठ कोपरे असलेला अष्टफलकी परावर्तक सर्वांत प्रचलित आहे. तो एका टोकावर उभा न टांगता, वरचा एक कोपरा पावसाचे पाणी साठेल असा आकाशाकडे उघडा राहील, अशा रीतीने बांधावा लागतो. चुकीचा टांगल्यास त्याचा उपयोग बराच घटतो. आकाराने लहान किंवा नळीच्या आकाराचे परावर्तक स्वस्त व सुटसुटीत असले तरी त्यांचा प्रतिध्वनी अपुरा पडतो, विशेषतः नौका कललेली असताना. आलेली लहर वाढवून परत पाठविणारी विजेवरची उपकरणेही मिळतात. ती अधिक परिणामकारक असतात, परंतु घेताना ती दोन्ही तरंगलांबींना प्रतिसाद देतात की एकालाच, हे पाहणे अगत्याचे आहे.

स्वयंचलित ओळख प्रणाली

या प्रणालीतील उपकरण उपग्रहावरून मिळालेले आपले स्थान, मार्ग, वेग, नाव व नऊ अंकी ओळख क्रमांक व्हीएचएफ लहरींवरून सतत प्रसारित करते आणि इतरांची तीच माहिती पडद्यावर दाखविते. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टन व त्याहून अधिक स्थूल टनभाराच्या जहाजांना व सर्व प्रवासी जहाजांना ती इ.स. २००४ अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाली. लहान नौकांसाठी ‘ब’ वर्गाची साधी उपकरणे आहेत. जहाजावरील ‘अ’ वर्गाचे उपकरण १२.५ वॅट शक्तीने चालत्या जहाजाची माहिती दर दोन ते दहा सेकंदांनी देते. ‘ब’ वर्गाचे प्रचलित उपकरण दोन वॅट शक्तीने, दर तीस सेकंदांनी.

नौकेच्या दृष्टीने या प्रणालीचा मोठा लाभ म्हणजे जहाज किती जवळून व किती मिनिटांनी जाईल, हे आकड्यांत कळते आणि त्याचे नावही मिळते. केवळ ग्रहण करणारे स्वस्त उपकरण घेतले, तर नौकेला जहाज दिसते, जहाजाला नौका नाही. प्रक्षेपकाचा खर्च त्यामुळे वाया जात नाही. तरीही तिच्यावर सर्वस्वी विसंबणे धोक्याचे आहे. गर्दीच्या पाण्यात ‘ब’ वर्गाच्या नौका पडद्यावरून गाळून टाकण्याची सोय जहाजावर असते, आणि कित्येक लहान मासेमारी होड्यांवर हे उपकरण नसतेच.

रेडिओवरील संवाद

व्हीएचएफ लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून पल्ला उंचीवर ठरतो. नौकेची अँटेना १२ मीटर उंच डोलकाठीवर व जहाजाची ३० मीटरवर असेल, तर सुमारे २० सागरी मैल संवाद होऊ शकतो. नौकेत बसवलेल्या संचाची शक्ती २५ वॅट असते. हातातला संच पाच-सहा वॅटचा, पण बॅटरी बुडाली तरी चालणारा. वाहिनी १६ ही हाक मारण्यासाठी व संकटासाठी राखीव असून तिची वारंवारता १५६.८ मेगाहर्ट्झ आहे. वाहिनी ७० वर आवाज नसून अंकीय हाक जाते. तीत जहाजाचा नऊ अंकी क्रमांक घातला की त्याच्याच सुकाणूकक्षात घंटा वाजते. भारतीय क्रमांक ४१९ ने सुरू होतात.

‘माझ्या डाव्या बाजूच्या जहाजा’ अशी हाक निरुपयोगी आहे. ऐकणाऱ्या दहा जहाजांपैकी ती कोणासाठी, हे कोणालाच कळत नाही. नाव माहीत असावे. नसल्यास त्याचे स्थान, मार्ग व वेग सांगावा. मग आपण शिडाची नौका आहोत, कोठे आहोत व काय करणार आहोत, एवढेच थोडक्यात बोलावे. यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने इ.स. २००१ मध्ये इंग्रजीतील प्रमाण वाक्प्रयोग निश्चित केले. बोलणारे दोघेही बहुधा परभाषेत बोलत असतात, हे ध्यानात घेतल्यास त्यांची गरज पटते. रेडिओवर बोलूनही टकरी झाल्या आहेत: चुकीच्या जहाजाशी बोलणे झाले, किंवा नियमांविरुद्ध काही ठरले व एकाने ते उलटे समजून घेतले. ब्रिटिश सागरी प्रशासनाने टक्कर टाळण्यासाठी व्हीएचएफच्या वापराबाबत सावधगिरीचा इशारा दिला आहे. बोलण्यात वेळ गेला व वळण राहिले, हा त्यातील मुख्य धोका होय.

जवळचे संकेत

शेवटच्या काही मिनिटांत प्रखर विजेरीने स्वतःची शिडे उजळविणे हा जुना व चांगला उपाय आहे; पांढऱ्या शिडाचा मोठा पृष्ठभाग दुरून ओळखू येतो. झोत क्षणभर जहाजाकडे टाकून पुन्हा शिडावर आणतात. सुकाणूकक्षावर तो रोखून धरल्यास अधिकाऱ्याचे डोळे दिपतात. समोरच्याचा हेतू कळत नसल्यास किमान पाच जलद लघुप्रकाश देण्याची तरतूद नियमांत आहे. मोर्स लिपीतील ‘यू’ अक्षर, म्हणजे दोन लघु व एक दीर्घ, याचा अर्थ ‘तुम्ही धोक्याकडे जात आहात’ असा होतो. हातात धरण्याचा पांढरा ज्वालादीपही लक्ष वेधण्यासाठी वापरतात. लाल ज्वालादीप मात्र केवळ संकटासाठीच. भपकन लुकलुकणारे तीव्र दिवे लक्ष वेधण्यासाठी वापरू नयेत, असे नियम सुचवितात, कारण ते बोया किंवा अन्य खुणांशी गोंधळात पडू शकतात.

भोंग्याचा उपयोग मर्यादित. बंद सुकाणूकक्षात, यंत्रांच्या घरघरीत, लहान नौकेचा भोंगा क्वचितच ऐकू जातो. धुक्यात शिडाच्या नौकेने दोन मिनिटांच्या आत एक दीर्घ व दोन लघु ध्वनी देत राहायचे असते.

औझो दुर्घटना

इ.स. २००६ च्या ऑगस्टमध्ये, २० व २१ तारखेच्या मधल्या रात्री, इंग्लंडच्या दक्षिणेस आइल ऑफ वाइट बेटानजीक ‘औझो’ ही सुमारे २५ फुटी शिडाची नौका नाहीशी झाली. तिच्यावरील तिघेही मृत्युमुखी पडले. ब्रिटनच्या सागरी अपघात अन्वेषण शाखेने इ.स. २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, ‘प्राइड ऑफ बिल्बाओ’ या फेरीजहाजाची धडक किंवा अगदी जवळून जाताना उठलेल्या त्याच्या लाटा यामुळे ती बुडाली असावी, असा निष्कर्ष काढला. जहाजावरील पहारेकऱ्याला नौकेचा दिवा अगदी जवळ आल्यावर दिसला होता. नौकेवरचा परावर्तक रडारवर पुरेसा उमटला नसावा, असेही आढळले. पहारेकऱ्याच्या चष्म्याच्या काचा उन्हात गडद होणाऱ्या होत्या. अशा काचा रात्रीही थोडा प्रकाश अडवितात, ही बाब या चौकशीमुळे सर्वांच्या नजरेस आली. जहाजाच्या अधिकाऱ्यावर पुढे खटला चालला व तो निर्दोष सुटला.

तिघांनीही जीवरक्षक जाकिटे घातली होती व ती फुगलेली होती. पाण्यात पडल्यावर ते काही काळ जिवंत होते. परंतु आपण तेथे आहोत हे कोणाला कळविण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते. आज अंगावर बांधता येणारे, उपग्रहाला ४०६ मेगाहर्ट्झवर संकेत देणारे संकटदर्शक आणि जवळच्या जहाजांच्या पडद्यावर उमटणारे एआयएस दर्शक मिळतात.

एकट्याने केलेला प्रवास व भारताचा पश्चिम किनारा

सर्व काळ डोळ्यांनी, कानांनी व उपलब्ध साधनांनी योग्य पहारा ठेवावा, हा नियम लहान नौकेलाही लागू आहे. एकट्याने समुद्रपर्यटन करणाऱ्याला झोप घ्यावीच लागते, त्यामुळे हा नियम त्याच्याकडून पूर्णपणे पाळला जाणे अशक्य असते. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या १७ मीटर लांबीच्या नौकेतून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी इ.स. २००९-१० मध्ये मुंबईहून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. एकट्याने जाणारे नाविक जहाजांच्या मार्गांपासून दूर राहून, रडार व एआयएसचे गजर लावून, तुकड्या-तुकड्यांनी झोपतात. गजर हा पहाऱ्याला पर्याय नाही, आधार आहे.

महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यावर अडचण जहाजांइतकीच मासेमारीच्या होड्यांचीही असते. ओढजाळ टाकलेल्या होडीने वर हिरवा व खाली पांढरा, अन्य प्रकारे मासेमारी करणाऱ्या होडीने वर लाल व खाली पांढरा दिवा दाखवायचा असतो, आणि जाळे टाकलेल्या होडीला शिडाच्या नौकेने वाट द्यायची असते. प्रत्यक्षात कामासाठी लावलेल्या प्रखर दिव्यांत हे रंग दिसेनासे होतात. पाण्यात पसरलेल्या जाळ्यांच्या टोकांना लुकलुकणारे छोटे दिवे बांधलेले असतात. त्यांना दूरची होडी समजून त्यांच्या मधून जाणारी नौका जाळ्यात अडकते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस बंदी असते. ती उठताच ऑगस्टपासून रात्रीच्या समुद्रावर दिव्यांची संख्या एकदम वाढते. संकटात वाहिनी १६ वरून, किंवा दूरध्वनीचा टप्पा असल्यास १५५४ या क्रमांकावरून, भारतीय तटरक्षक दलाशी संपर्क साधता येतो.